बेहड्यातली बाळंतीण

बोरवाडी, ता. मुरबाड
२३ मार्च २००३

चि. सौ. चंद्रकला हिस वाळूदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुझ्या सोमीवहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण तिची स्वतःची कुरकूर त्याहून मोठी असल्याने ते ऐकू येत नाहीत. पाव्हण्यांसाठी वाल बांधून ठेवलेत.

मुद्द्याचं लिहितो. आपल्या घळीतल्या मोठ्या बेहड्यात धनेशाची मादी यंदाही जाऊन बसली. ढोलीचं तोंड लिंपून घेतलंय, चोच जाईल एवढीच फट ठेवलीय. नर फळं आणून भरवतो. आपण तिला बाळंतीण म्हणायचो. ती बाहेर येईपर्यंत त्या झाडाखाली कुऱ्हाड वाजवायची नाही, हा आजीचा दंडक तुला आठवत असेल. आता त्या दंडकाचे पैसे मिळणार आहेत! पुण्याहून पाखरांचा अभ्यास करणाऱ्या समीक्षा मॅडम आल्या होत्या. बेहडा पाच वर्षं राखला तर त्यांची संस्था दरवर्षी पैसे देणार. राखणाऱ्याला परवडलं तरच रान राहतं, असं त्या म्हणाल्या. मला पटलं. झाडावर पिवळा पट्टा मारून गेल्या, आणि नराच्या खेपा टिपायला मला वही दिली.

दुसरं असं, की वाशिंदचा एक लाकूड ठेकेदार घळीतली बाकीची झाडं मागतोय. परवानगीचं तो बघेल, पण सातबारावर तुझं नाव असल्याने तुझी सही लागेल. बेहडा सोडून बाकीची झाडं दिली तर दोन्हीकडून फायदा. तरी मन धजत नाही. विचार करून कळव, आणि दादाची आठवण पत्राच्या उत्तराने ठेव.

तुझा,
वाळूदादा

सापगाव, ता. शहापूर
१ एप्रिल २००३

तीर्थस्वरूप दादास चंद्रकलाचा शि. सा. न. वि. वि.

सही केलेला कागद सोबत आहे. तू पहिल्यापासूनच भित्रा. शाळेत जाताना ओहोळ ओलांडायला धाकट्या बहिणीचा हात धरायचास, विसरलास का?

खरं सांगते, मला गरज आहे. आपला अनिल सत्तावीस वर्षांचा झाला. खोली असल्याशिवाय मुलगी देणार नाय, असं कल्याणच्या लोकांनी तोंडावर सांगितलं. वाशिंदला कारखान्याजवळ नव्या चाळीत खोली मिळतेय. ठेकेदाराची उचल आली की माझा वाटा लगेच पाठव, बयाणा द्यायचा आहे. बेहड्याला मात्र धक्का लागू देऊ नकोस. बाळंतिणीचा तळतळाट मला नको.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
चंद्रकला

बोरवाडी
१९ एप्रिल २००३

चि. सौ. चंद्रकला हिस आशीर्वाद. वि. वि.

पाठवलेल्या उचलीतून बयाणा भरलास हे कळलं. ठेकेदाराने घळीचा खालचा भाग तोडला. मी बेहड्याभोवती वीस पावलांवर दोरी बांधून उभा होतो. दोरीच्या आत एकदाही कुऱ्हाड पडली नाही. आजीचा दंडक पाळला, मॅडमचा करारही पाळला. बेहडा जागच्या जागी आहे.

पण नर येईनासा झालाय. आधी दिवसाला पंधरा-सोळा खेपा व्हायच्या. तोड झाल्यावर सात. काल तीन, आज दुपारपर्यंत एक. खालच्या भागात चार नांदरुक होते, वडा-उंबरासारखी बारीक फळं धरणारे. त्यांचं लाकूड कुणाच्या कामाचं नाही म्हणून ठेकेदाराला मी फुकटात दिले, घळ मोकळी होईल म्हणून! त्यांचीच फळं नर नेत होता. उंबराला आपण कुऱ्हाड लावत नाही, म्हणून तो राहिला, पण त्याला सध्या फळ नाही. बाळंतीण फटीतून चोच काढून बसते. मी खाली बसून नुसता बघतो. माझ्या हातून काय झालं हे, चंद्रा?

वरच्या भागात अजून तीन नांदरुक आहेत. ठेकेदार शुक्रवारी, पंचवीस तारखेला, तोडायला येणार. त्याला थांबवलं तर उचल परत मागेल, आणि तुझ्या अनिलची खोली जाईल. हे मी एकट्याने ठरवू शकत नाही. तुझ्या शब्दाकडे डोळे लावून बसलोय.

वाळूदादा

सापगाव
२३ एप्रिल २००३

तीर्थस्वरूप दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे अनिलच्याच हाती देते. त्याला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, आये, खोली काय, परत बघू. माझा जीव तुटला रे दादा. बयाणा बुडाला. मुलीकडचे काय म्हणतील ते देव जाणे. पण थांबव. कसंही करून थांबव. उचल आम्ही फेडू. सही माझीच होती.

चंद्रकला

बोरवाडी
४ मे २००३

चि. सौ. चंद्रकला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अनिल गुरुवारी दुपारीच पोचला. शुक्रवारी ठेकेदार आला तेव्हा मामा-भाचे वाटेत आडवे उभे राहिलो. खूप बोलला, शेवटी गेला. वरचे तिन्ही नांदरुक राहिले.

नर मात्र शनिवारनंतर दिसला नाही. सोमवारी बाळंतिणीने स्वतःच लिंपण फोडलं आणि बाहेर आली. आत बसल्यावर त्यांची पिसं गळतात, नवी अजून अर्धीच आली होती. तिला उडता येईना. अनिल काठी घेऊन तीन दिवस झाडाखाली बसला, कामावर खाडा पडला तरी. चौथ्या दिवशी ती फांदी-फांदीने वर नांदरुकापर्यंत गेली. ढोलीत एक पिल्लू होतं. मेलेलं. ते आम्ही बेहड्याखालीच पुरलं.

काल मॅडम आल्या. मी वही पुढे केली. ती चाळून त्या खाली बसल्या. म्हणाल्या, चूक माझी, मी घर राखायचे पैसे ठरवले, तिच्या पोटापाण्याचं लिहिलंच नाही. करारानुसार झाड उभं आहे, सही करून पैसे घ्या, म्हणाल्या. मी सही केली नाही. तुझा वाटा त्यात होता, रागावू नकोस. मग त्यांनी नवा कागद काढला आणि विचारलं, प्रत्येक नांदरुक आपापल्या वेळी पिकतो, तर एका जोडीला किती लागतील, तुम्ही इथलेच, अंदाजाने सांगा.

मला सांगता आलं नाही, चंद्रा. आपल्या घरात आजवर ते कुणाला मोजावंच लागलं नव्हतं.

अनिलला गाडीत बसवून दिलं आहे. पोचल्याचं कळव. माझ्यावरचा जीव होता तसाच असू दे.

तुझा,
वाळूदादा