बार मचाणावरूनच

प्रिय सिद्धेश,

पत्राची सुरुवात ‘प्रिय’ने करतात म्हणून लिहिलं, फार मनावर घेऊ नकोस. फोन तू बंद ठेवलायस. चारकोपला तुझ्या दारात दोनदा उभी राहिले, आत टीव्ही चालू आणि कडी काही निघेना. फटीतून पत्र तरी आत येईल.

धर्माच्या मांडीचं ऑपरेशन झालं, गोळी निघाली. मुलुंडच्या डोंगराखालच्या पाड्यात राहणारा माणूस, संध्याकाळी लाकडं घेऊन घरी येत होता, एवढाच त्याचा गुन्हा. चालेल, पण काठी घेऊन. त्याची बायको मथुरा वॉर्डात भेटली. मी कोणाची बहीण हे तिला ठाऊक नाही, आणि मला सांगवलं नाही. तिने आपल्यातला अर्धा चहा मला दिला. तो मी प्यायले, त्याची लाज अजून जात नाही.

बाबा कोठडीत आहेत. कुणीतरी खबर दिली, दुसऱ्या दिवशी पोलीस आले आणि आजोबांची ठासणीची बंदूक आपल्या पोटमाळ्यावर सापडली. तू तोंड उघडायच्या आत बाबा ‘मीच मारला बार’ म्हणून मोकळे झाले. तू बाजूलाच उभा होतास, चपला बघत.

गावी बाबा भेकरासाठी उंबरावर मचाण बांधायचे, आठवतं? तेही बेकायदाच, मी त्यांना धुतल्या तांदळाचं म्हणत नाही. पण नियम पक्का होता: वरून मारलेली गोळी चुकली तर मातीत जाते, भुईवरून मारलेली चुकली तर कुणाच्या तरी घरात जाते. तू हसायचास. मोबाईलवर परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघून तुला अक्कल आलेली, मचाण म्हणजे म्हाताऱ्यांचा पाळणा, खरा मर्द जमिनीवर पडून समोरासमोर मारतो! पानापानांचा शर्टही मागवलास. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणपण तुझं आणि भोगलं धर्माने.

आता ऐक. पोलीस विचारतात, कुठून मारलंत? बाबा म्हणतात, मचाणावरून. डोंगरावर मचाण नाही. गोळी सरळ आडवी गेली, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. आणि बाबांचे गुडघे असे की आपला दुसरा मजला चढताना तीनदा बसतात. झुडपामागे बसलो होतो म्हणाले असते, तर कुणीही विश्वास ठेवला असता. तुझ्यासाठी त्यांनी गुन्हा अंगावर घेतला, पण भुईवरून बार मारला हे खोटंसुद्धा त्यांच्या तोंडून निघत नाही रे.

काल भेटले, तर वकिलाचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “भेकराच्या पाठीमागे काय आसा, ता तेना बघल्यान होता काय?”

तो शर्ट तू त्या संध्याकाळी माझ्या धुण्याच्या बादलीत कोरडाच टाकून गेलास. ताई धुईल, नेहमीसारखी. मी धुतलेला नाही. पोटावर आणि कोपरांवर लाल माती तशीच आहे. सोमवारी सकाळी दहाला तो पिशवीत घालून मी पोलीस ठाण्यात देणार. धमकी नाही, वेळ कळवतेय. त्याआधी ये, आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या तोंडावर दे.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
सुलूताई