मडीचं लुगडं आणि ड्रायर

६ जुलै २००९, उणकल

पुन्हा तेच! पूजेला बसल्या अन् अक्कांचा श्वास कोंडला. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं घर त्यांना अक्काच म्हणतं. देवघराचं दार बंद. मी बाहेरून हाका मारतेय, आतून एकच— "मुट्टबेडा! मडीत आहे, शिवू नकोस!" जीव जातोय आणि मडी, म्हणजे सोवळं, मोडेल म्हणून शिवू नको म्हणे!

८ जुलै

डॉक्टर विचारतात, "चूल? उदबत्ती? घरात कुणी विडी ओढतं?" काही नाही. उदबत्ती तर केव्हाच बंद केली. मग हे येतं कुठून?

९ जुलै

सापडलं! धारवाडला परसात वेगळी दोरी होती, मडीचं लुगडं तिथं वाळायचं. इथं गच्ची सगळ्यांची, कुणाचाही हात लागायचा. म्हणून पावसाळाभर अक्का देवघर लावून घेतात अन् केसांच्या ड्रायरनं लुगडं वाळवतात. मग तिथंच पूजा! ड्रायर ह्यांनीच आणून दिलाय, आईच्या कौतुकानं.

आज त्या झोपल्यावर ड्रायर लावला, त्याच्या तोंडाशी ओला पांढरा रुमाल धरला. काळी भुकटी! आत ठिणग्या दिसतात, जळका वास येतो.

१० जुलै

ह्यांना रुमाल दाखवला. धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात विजेच्या मोटारींतच दिवस जातो ह्यांचा. बघून म्हणाले— "ड्रायरच्या मोटारीत कार्बनचे तुकडे घासून झिजतात. बारीक धूळ उडते."

"कोंडलेल्या खोलीत, तुमच्या आईच्या छातीत! सांगा जाऊन."

"तूच सांग." वा रे वाघ!

११ जुलै

सांगितलं. अक्का उसळल्या. "माझी मडी मोडायला टपलीयस!" रुमालाकडे बघितलंसुद्धा नाही. मीही इरेला पेटले. ड्रायर माझ्या कपाटात, वर कुलूप.

१२ जुलै

ओलंच लुगडं नेसल्या! हट्टी बाई. संध्याकाळी ताप.

१४ जुलै

ड्रायर द्यावा तर धूळ, न द्यावा तर ओल. दोन्हीकडून मीच वाईट. आज त्यांच्या तोंडावरच ओरडले— "मडी राहील हो, तुम्ही राहाल का? मला तुम्ही हव्या आहात!" मग रडतच बसले.

१७ जुलै

ताप उतरला. सकाळी ऊन होतं. अक्का स्वतः जिना चढून लुगडं गच्चीवर घालून आल्या— सगळ्यांच्या कपड्यांत! दुपारी पाऊस. मला हाक— "जया, पळ! काढून आण ते."

"मी शिवू, अक्का?"

"मग काय भिजू द्यायचं?"