मंडणगड ते रत्नागिरी, स्वबळावर

रविवार, १६ डिसेंबर १९३४. पहाटे. गणपतीपुळे, धर्मशाळा.

आज शेवटचा टप्पा. पाय अजिबात दुखत नाहीत. फक्त उभं राहिलं की कळ येते, म्हणून बसून लिहितो आहे. सायकलवर जिल्हा पार करणार म्हटल्यावर कचेरीत सगळे हसले होते. आज संध्याकाळी तेच लोक आमच्या आळीच्या नाक्यावर हार घेऊन उभे असतील. ताशा सांगितला आहे. शाळेचे हेडमास्तर बोलणार. उत्तराचं भाषण मला पाठ आहे.

संकल्प: परशुरामशी वाद घालायचा नाही. कचेरीत शेजारच्या टेबलावर बसतो म्हणून बरोबर घेतला. सोसायला हवं.

सकाळी. धर्मशाळेची पायरी.

वाद झाला. गावात शिरताना पुढे कोणाची सायकल, यावरून. कल्पना माझी, म्हणून पुढे मी. त्याचं म्हणणं, पंप त्याचा. मी शांतपणे सांगितलं की पंक्चरचं सोल्युशन माझ्याकडे आहे. बोलणं बंद. मोठ्या मनाने वेगळा निघतो आहे. तोही निघाला आहे. रस्ता एकच, म्हणून आम्ही बरोबर दिसतो इतकंच.

दुपार. आरे-वारेच्या उताराखाली.

किरकोळ अपघात. उतारावर तो पुढे जाऊ लागला. मी स्पीड वाढवला. म्हणजे, ब्रेक लागेना. तोही थांबेना. वळणावर म्हैस उभी होती. तिने सरकायला हवं होतं.

माझ्या पुढच्या चाकाची करंजी झाली आहे. परशुरामचं हँडल पार उलटं फिरलं. म्हशीला काही झालं नाही.

पडल्या पडल्या त्याने विचारलं, "दत्तोपंत, लागलं का हो?"

म्हणजे आधी तो बोलला. नोंद करून ठेवतो. मी धोतर फाडून त्याचा गुडघा बांधला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. इथे वाऱ्याने वाळू फार उडते.

दुपारनंतर. बैलगाडीत.

गंगाराम नावाचा गाडीवान पेंढा घेऊन रत्नागिरीला निघाला आहे. सायकली वर चढवल्या. हा प्रवास धरायचा नाही, असं एकमताने ठरलं. गावाबाहेर उतरायचं आणि सायकली धरून शेजारी शेजारी चालत जायचं. ओळखीच्यांनी बघू नये म्हणून गंगारामकडून घोंगडी घेऊन दोघांच्या डोक्यावरून पांघरली आहे. गाव आलं की उठव, असं त्याला दोनदा बजावलं. जरा डोळे मिटतो. झोपणार नाही.

दिवेलागण. घरी.

झोप लागली. गंगारामने गाडी थेट नाक्यावर नेली. म्हणे, "दमलेली माणसां, कशाला उठवू?"

ताशा बंद पडला तेव्हा जाग आली. घोंगडीबाहेर चिडीचूप. मग माझ्या सावित्रीचा हंबरडा ऐकू आला. पाठोपाठ हेडमास्तर सद्गदित आवाजात सांगू लागले की या दोघांनी ध्येयापायी देह ठेवला. माझ्याबद्दल फार चांगलं बोलत होते. वक्त्याला मध्येच तोडणं बरं नव्हे, म्हणून तसाच पडून राहिलो. पण परशुरामला पेंढ्याने शिंक आली.

पुढची पळापळ लिहीत नाही. हेडमास्तरांची पगडी अजून सापडलेली नाही. हार बैलांनी खाल्ले. भाषण राहिलं.

सोमवार, १७ डिसेंबर. सकाळी.

सावित्री कालपासून बोलत नाही. मला मात्र आतून समाधान आहे. चारचौघांत, भर नाक्यावर ती माझ्यासाठी रडली. लग्न झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. चहा घेताना हळूच विचारलं, एवढं काय रडायचं ते?

चुलीकडे बघतच ती म्हणाली, "आधी ते चाक दिसलं. माझ्या लवूदादाने नवीकोरी सायकल दिली होती हो. आता माहेरी काय तोंड दाखवू?"

मनाला धक्का बसला की माणूस काहीही बोलतो. मग तिने माझ्या कोपराला हळद लावून पट्टी बांधली. जरा जास्तच आवळून.