मयत नाथा घरत यास एडनला जाण्याचा परवाना मिळण्याबाबत

प्रति,
मेहेरबान परदेशगमन परवाना अंमलदार साहेब,
फोर्ट, मुंबई.

अर्जदार : नाथा गोमा घरत, वय अंदाजे ४६, धंदा मिठागर, मु. नवघर, भाईंदर, जि. ठाणे.
अर्ज लिहिणार : सेलेस्टिन फ्रान्सिस बोर्जिस, पेन्शनर मराठी शाळामास्तर, मूळचे पाली, हल्ली मु. खारी, भाईंदर.

विषय : अर्जदार हयात असल्याची नोंद होऊन त्यास एडन येथे जाण्यायेण्याचा दोन महिन्यांचा परवाना मिळणेबाबत.

संदर्भ : (१) अर्जदाराचा अर्ज, ता. ६ डिसेंबर १९३७. (२) आपल्या कचेरीचे पत्र, ता. २७ जानेवारी १९३८, "अर्जदार मयत, सबब अर्ज दप्तरी दाखल." (३) आपल्या कचेरीचे पत्र, ता. २१ मार्च १९३८, सदर मयताकडून खुलासा मागविल्याबाबत.

महोदय,

१. अर्जदारास लिहिता येत नाही, आणि बोलतो तेही इतके कमी की त्याच्या दोन वाक्यांच्या मध्ये माणसाचा चहा पिऊन होतो. सबब मजकूर त्याचा आणि भाषा अर्ज लिहिणाराची आहे. भाषेत कोठे ताठा आढळल्यास तो एकतीस वर्षे शुद्धलेखन शिकवल्यामुळे आलेला आहे, तरी सांभाळून घ्यावे.

२. प्रवासाचा उद्देश. पहिल्या अर्जात "भावास भेटणे" एवढेच लिहिले होते. त्यावर आपल्या कचेरीतून "एवढ्यासाठी?" असा शेरा आला, म्हणून आता सविस्तर. अर्जदाराचा थोरला भाऊ रघू. दोघांचे मिठागर एकच. सन १९२४ च्या चैत्रात उधाणाचे पाणी आगरात शिरले आणि अख्ख्या हंगामाचे मीठ विरघळून खाडीला मिळाले. पाणी आतबाहेर सोडण्यासाठी बांधात जी फळी असते तिला उघाडी म्हणतात. त्या दिवशी ती लावण्याची पाळी रघूची होती. नाथाने आगापिछा न बघता सगळ्या गावादेखत त्याला सुनावले, "उघाडी तू उघडी टाकलीस. पुन्हा तोंड दावू नको मला." रघू आईच्या पाया पडला आणि आठवडाभरात एडनच्या मिठागरावर कामाला निघून गेला. तेव्हा एडन मुंबई इलाख्यात मोडत असल्याने त्याला कोणी कागद विचारला नाही. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून एडन परमुलूख झाले. दरम्यान एडन जागचे हललेले नाही, ही बाब अर्जदार नम्रपणे साहेबांच्या नजरेस आणू इच्छितो.

३. पुढच्या साली बांधाची डागडुजी करताना नाथाला उघाडीपासून चार हातांवर मनगटाएवढे भोक सापडले. चिंबोरीने म्हणजे खेकड्याने बांध पोखरला होता. पाणी तिथून आले होते. उघाडी लावलेलीच होती. भोकात चिंबोरी मरून पडलेली होती, तिची नांगी नाथाने काढून घेतली आणि आजतागायत देव्हाऱ्यामागे जपून ठेवली आहे. रघूला त्याने "घरी ये" असे निरोप पुष्कळ धाडले. चिंबोरीचे मात्र कोणाजवळ बोलला नाही, कारण आपली चूक परक्याच्या तोंडून कबूल करायची त्याला लाज वाटते. रघूचे उत्तर दरवेळी एकच : "नाथा त्या घरात हाय तवर मी उंबरा चढणार न्हाय." आई जिजाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची असून तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. दोघा मुलांना एका पंगतीला जेवताना बघायचे, एवढेच तिचे मागणे आहे, आणि बघण्यापुरता उजेड तिच्या डोळ्यांत आता थोडाच उरला आहे. म्हणून नाथाला एडनला जायचे आहे. आपण टाकलेला शब्द आपणच उचलायचा, असे तो म्हणतो.

४. आता अर्जदाराच्या मृत्यूविषयी. त्याच्या चालचलणुकीची चौकशी करण्यासाठी जानेवारीत एक शिपाई नवघरास आला आणि नाथा घरत कोठे राहतो असे विचारू लागला. येथे साहेबांनी एक गोष्ट ऐकून न ऐकल्यासारखी करावी. सन १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाचे दिवस असताना पोलीस नावे घेऊन गावोगाव माणसे शोधत फिरत होते. तेव्हापासून नवघरची रीत अशी पडली आहे की, खाकी कपड्यातल्या माणसाने ज्याचे नाव घेतले तो मेलेला असतो. त्या एका उन्हाळ्यात गावात सतरा माणसे वारली आणि सतराही जण संध्याकाळी घरी जेवायला होते. त्यामुळे शिपायाने नाव उच्चारताच लोकांनी माणुसकीला जागून नाथाला पटकीने मारले. जिजाबाईने तर ऊर बडवून असा टाहो फोडला की शिपायानेच तिला पाणी दिले. मायाळू माणूस असावा. त्याने पाच जणांचे अंगठे घेऊन पंचनामा केला. नाथा त्या वेळी आगरात मीठ ओढत होता, त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते.

५. २७ जानेवारीच्या पत्रात "मयताच्या वारसाने फोटो परत न्यावेत" असे होते. तेच वर्तमान आपल्या कचेरीने नियमाप्रमाणे एडनला रघूसही कळविले, कारण ज्यास भेटायचे त्याचे नाव अर्जात होते. हे ऐकल्यापासून नाथाचे जेवणावरचे लक्ष उडाले आहे. तो लगोलग कचेरीत हजर झाला. कारकून साहेबांनी फोटो हाती घेतला, नाथाकडे पाहिले, आणि चेहरा जुळतो असे म्हणून विचारले, "मयताच्या घरचेच का?" नाथा भिडस्त. घरचाच आहे म्हणाला आणि वारस म्हणून अंगठा देऊन फोटो घेऊन आला. हा अंगठा मूळ अर्जावरच्या अंगठ्याशी तंतोतंत जुळल्यामुळे, मयताचा अंगठा वारसाने बेकायदा वापरल्याचा संशय कचेरीस आला आहे. अंगठा मयताने मरणापूर्वी वारसाकडे ठेवायला दिला होता काय, अशी लेखी विचारणाही झाली. उत्तर : नाही. तो हाताला होता.

६. हयातीचा दाखला आणा असे सांगण्यात आले, म्हणून नाथा तलाठ्याकडे गेला. तलाठ्याने वही उघडून दाखवली. तिच्यात जन्माचा रकाना आहे, मरणाचा आहे, परत आल्याचा नाही. मग डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी नाडी पाहून लिहून दिले की, "समोरचा इसम आज रोजी जिवंत आहे. तो कोण हे मला माहीत नाही." दाखला सोबत जोडला आहे.

७. मार्चमध्ये फेरचौकशी लागली. या खेपेस अर्ज लिहिणाराने स्वतः नवघरच्या चावडीत जाऊन लोकांना बजावले की नाथाला मारू नका, त्याच्याविषयी चांगले बोला. ही चूक अर्ज लिहिणाराची. गावाने शिपायाला सांगितले की नाथा म्हणजे देवमाणूस, गाव त्याच्या शब्दाबाहेर नाही, त्याने मनात आणले तर उद्या सगळी आगरे बंद पडतील. वास्तविक नाथाचे घरचे बैलसुद्धा ऐकत नाहीत. शिपायाने खाली मान घालून सगळे टिपून घेतले. त्यावरून २१ मार्चचे पत्र आले की, सदर मयत इसमाचे जनतेवर वजन असल्याचे दिसते, तरी एडन येथे सभा घेण्याचा मयताचा विचार आहे किंवा कसे, याचा खुलासा मयताने समक्ष करावा. खुलासा : नाथाने जन्मात एकदाच चारचौघांत तोंड उघडले, ते चौदा वर्षांपूर्वी, आणि अजून निस्तरतो आहे.

८. गेल्या सोमवारी समक्ष भेटीत आपल्या हेड क्लार्क साहेबांनी सगळे कागद पुढ्यात पसरून बराच वेळ कपाळ चोळले. शेवटी ते म्हणाले की असा एक अर्ज करा, आम्ही अर्जदारास जिवंत करतो आणि तसे दुरुस्तीचे पत्र शनिवार ता. १६ च्या डाकेने एडनला रघूकडे धाडतो. त्यांचे उपकार. सबब विनंती की,
(अ) अर्जदार हयात असल्याची नोंद व्हावी.
(ब) त्यास एडनचा दोन महिन्यांचा परवाना मिळावा.
(क) दुरुस्तीचे पत्र ता. १६ च्या डाकेने न चुकता एडनला रवाना व्हावे.

९. येथवर अर्ज नाथाच्या अंगणात बसून लिहून झाला, आणि खाली त्याचा अंगठा उठवणार इतक्यात टपालवाला जिजाबाईच्या नावचे पत्र टाकून गेला. पत्र एडनचे होते. जिजाबाईच्या सांगण्यावरून अर्ज लिहिणाराने ते सर्वांना वाचून दाखवले. अर्जावर कोर्ट फीचे तिकीट चिकटवलेले असल्याने वरचा मजकूर फाडता येत नाही, तरी पुढचा मजकूर हाच खरा अर्ज समजावा.

१०. पत्रात रघूने कोणा जाणत्या माणसाकडून असे लिहवले आहे : "आये, नाथा गेल्याचा सरकारी कागद मिळाला. मी डोकं भादरलं. दहावा हितं समुद्रावर केला. आता तुला बघायला कोण हाय? मी २३ तारखेच्या बोटीनं निघतो, २८ला मुंबईच्या धक्क्याला लागंन. उघाडी मी लावली होती असंच माझ्या ध्यानात हाय. पण नाथा कवा खोटं बोलला न्हाय. तवा राहिलीच असंल उघडी. हे त्याला एकदा सांगायचं होतं, ते राहून गेलं."

११. वाचून झाल्यावर अर्ज लिहिणाराचा चष्मा पुसून झाला. नाथा भिंतीकडे तोंड करून बसला आणि लहान मुलासारखा रडला, हे लिहायला अर्ज लिहिणारास संकोच वाटत नाही. मग सगळ्यांत आधी जिजाबाई भानावर आली. तिने विचारले की ते दुरुस्तीचे पत्र एडनला कधी पोहोचणार. अर्ज लिहिणाराने बोटांवर मोजून सांगितले, २१ तारखेस. म्हणजे रघू निघण्याच्या दोन दिवस आधी. नाथा जिवंत आहे हे तिथे कळले की रघू बोटीवर पाऊल ठेवणार नाही, पुन्हा चौदा वर्षे गेली. म्हातारी म्हणाली, "मास्तर, सायबाला लिवा, माझा नाथा मेलेलाच हाय. रडून दावायचं असंल तर मी येते मुंबईला."

१२. सबब सुधारित विनंती :
वरील (अ), (ब) आणि (क) रद्द समजावेत. अर्जदारास आपल्या कचेरीने ज्या तत्परतेने मयत केले, त्याच तत्परतेने ता. २८ एप्रिलपर्यंत तसाच ठेवावा. शनिवारच्या डाकेतून दुरुस्तीचे पत्र कृपा करून काढून घ्यावे. हेड क्लार्क साहेबांनी ते आधीच लिहिले असल्यास त्यांच्या कष्टांबद्दल अर्जदार दिलगीर आहे. येत्या रविवारी आम्हा ख्रिस्ती लोकांचा पुनरुत्थानाचा सण आहे खरा, पण अर्जदाराच्या बाबतीत कोणी घाई करू नये.

१३. एडनचा परवाना आता नको. त्याऐवजी २८ तारखेस बोट लागते तेथवर आत जाण्याचा एक पास मिळावा. तो अर्जदाराच्या नावे द्यावा, मयताच्या नावे द्यावा की वारसाच्या, हे साहेबांनी ठरवावे. तिन्ही अंगठे एकच आहेत. रघू चिडून त्याच पावली परत फिरेल अशी धास्ती अर्ज लिहिणारास वाटते आणि ती त्याने बोलून दाखवली. त्यावर नाथाने आज दिवसभरातले सर्वांत लांब वाक्य उच्चारले. तो म्हणाला, "मारू दे, फिरू दे, पण उघाडी लावलेली व्हती, हे मी त्याच्या तोंडावर सांगणार."

कळावे, साहेबांच्या मेहेरबानीवर मरून राहिलेला,

आपला नम्र
नाथा गोमा घरत, मयत
(डाव्या हाताचा अंगठा)

नवघर, बुधवार ता. १३ एप्रिल १९३८

सोबत :
१. डॉक्टरांचा दाखला. कोणास न दाखवता परत करावा.
२. रघूच्या पत्राची नक्कल. मूळ पत्र आई उशाखाली ठेवते, ते देत नाही.
३. प्रवासाच्या उद्देशाचा पुरावा म्हणून चिंबोरीची नांगी, कागदी पुडीत. ही पुडी अर्जदाराने परत काढून घेतली आहे. २८ तारखेस धक्क्यावर लागणार आहे.