डोंगरावरच्या विमानाचा कौल

मुळगाव, १९८७

गुरुदास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं नाव.

महायुद्धात आपल्या डोंगरावर पडलेलं विमान तू भंगारात विकलंस. तलाठ्याने सरकारी परवानगी विचारली, तर म्हणालास, "देवीन कौल दिलो." खरं आहे. पुजारी म्हणून मूर्तीला पाकळ्या मीच लावल्या होत्या आणि उजवी पडली, म्हणजे देवीचा होकार. पण तू विचारलंस काय? "डोंगरावरचा बेवारशी पत्रा नेऊ?" त्या पत्र्यात वैमानिकाची हाडं आहेत, आपली आई मरेपर्यंत दर अवसेला तिथे रोट ठेवायची, हे तू गाळलंस. देवीलाही अर्धंच सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुसरा मीच. तुझा प्रश्न देवीपुढे मांडणारं गाऱ्हाणं मी घातलं, आणि मला सगळं ठाऊक होतं.

आता उरलेल्या इंजिनासाठी पुन्हा कौल हवा म्हणतोस. सोमवारी ये. हे पत्र तुला पाठवत नाही. त्या दिवशी गाऱ्हाण्याच्या जागी तुझ्यादेखत हेच वाचीन, शेवटच्या ओळीपर्यंत. मग पाकळ्या लावीन.

तेव्हा गप्प बसलेला तुझा थोरला भाऊ,
पुंडलिक