राउंडच्या वेळची हजेरी

१७ नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार. तुमच्या आईबाबांच्या तब्येती बऱ्या असतील. इकडे आईचा गुडघा आता जिना चढू देतो आणि ती दिवसातून चार वेळा चढून ते सिद्ध करते. दादाने परवा वॉशिंग मशीन स्वतः लावलं. आत लाल टॉवेल राहिला होता, त्यामुळे साहेब हल्ली गुलाबी शर्ट घालून ऑफिसला जातात आणि कुणी विचारलंच तर फॅशन आहे म्हणतात. स्वयंपाक माझ्याकडे आहे. सगळे गुपचूप जेवतात, त्यावरून काय ते समजा.

तुम्ही फोन उचलणार नाही हे माहीत आहे. उचलू नये असंच मी वागलो. इकडचं तिकडचं मी अजून पानभर सहज लिहीन, बोलघेवडा तर आहेच. पण या आठवड्यात तुम्हाला आमच्या ऑफिसचं पत्र येणार आहे. त्यात माझ्याविषयी लिहिलेलं असेल. ते उघडण्याआधी सगळं माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितोय.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. देशभरातल्या नवजात बाळांच्या वॉर्डांतून आमच्या ऑडिटकडे नोंदी येतात. बाळाचं पहिलं तापमान कधी घेतलं, डोळे तपासले का, डॉक्टरांच्या राउंडला आई किंवा वडील हजर होते का. नावं येत नाहीत, नुसते क्रमांक. तुमची मुलगी होती त्या वॉर्डाबाहेर फलक होता ना, 'आपल्या बाळाची ओळख कुणालाही कळणार नाही' असा, तो मजकूर मीच लिहिलेला. त्याच्यासमोर उभं राहून तुम्ही विचारलंत, "भावजी, नको असेल तर नाही म्हणता येतं ना? हिची माहिती तुमच्याकडेच येणार?" मी हसून म्हटलं, "अहो, येऊन कळणार कुणाला? मलासुद्धा नाही कळणार." तुम्ही बरं म्हणालात.

मला कळलं, वहिनी. कळलं कसलं, मी मुद्दाम शोधलं. बारा खाटांचा वॉर्ड आणि त्या दिवसांत गरोदरपणाच्या सत्ताविसाव्या आठवड्यातच जन्मलेली एकच मुलगी. टेबलावरचा चहा गार व्हायच्या आत सापडली. का शोधलं, तेही सांगतो. सहा दिवसांनी ती गेल्यावर घरात कुणी तिचं नाव काढेना, आणि मला वाटलं, निदान तिथे ती असेल. हे खरं आहे, पण त्याने माझं वागणं बरं ठरत नाही. तिची सगळी ओळ मी वाचली, आणि राउंडच्या हजेरीपुढे सहाही दिवस 'नाही' होतं.

ते मनात ठेवून मी महिनाभर तुमच्याशी गोड बोलत राहिलो. मग त्या रविवारी जेवताना मी आमच्या अहवालाच्या बढाया मारत होतो, आणि तुम्ही म्हणालात, "तुमच्या तक्त्यात माझी मुलगी म्हणजे एक आकडा. मी तिच्याजवळ बसून होते." मला ते झोंबलं. "राउंडला तर एकदाही नव्हतात," असं मी म्हणून गेलो, आईसमोर, दादासमोर. मला हे कुठून कळलं, असं दादाने मला विचारायला हवं होतं. त्याने तुम्हाला विचारलं, "खरं का गं?" तो प्रश्न मी त्याच्या तोंडात घातला होता. तुम्ही ताट उचललंत, धुऊन ठेवलंत आणि आत जाऊन बॅग भरलीत.

पुढचं लिहायचं म्हणून तीन कागद फाडले.

आमच्याकडे एक नियम आहे. वॉर्डाने एखादी चौकट रिकामी ठेवली तर त्यांना कळवायचं, भरा म्हणून. मुदतीत भरली नाही तर तिथे 'नाही' धरायचं. तसं केलं नाही तर काम न करणारे वॉर्ड चौकटी कोऱ्या ठेवून सुटतात. या नियमासाठी बैठकीत सगळ्यात जास्त भांडलो तो मी. लिहिलं नाही म्हणजे झालं नाही, असं टेबलावर हात आपटून बोललो होतो. शेजारचा म्हणाला, "आले न्यायाधीश!" आणि सगळे हसले, मीही हसलो.

गेल्या मंगळवारी तुमच्या वॉर्डातल्या नोंदी भरणाऱ्या बाईंचा फोन आला. "साहेब, मुदत गेली माहितीये, पण त्या आठवड्याचं तेवढं घ्या हो. मी टायफॉइडने पडले होते, बदली कुणी दिलं नाही. हजेरीच्या चौकटी सगळ्याच राहिल्या. केसपेपरवर आहे सगळं, आत्ता बघून भरलंय." मी दुरुस्त नोंदी पुन्हा उघडल्या. सहाही दिवसांपुढे 'आई हजर' होतं. पहिल्याच दिवशी शेरा होता, आई व्हीलचेअरवरून आली.

तुम्ही तिथेच होतात. माझ्याच नियमाने कोऱ्या चौकटीचं 'नाही' केलं आणि ते सत्य समजून मी तुमच्या तोंडावर फेकलं. लाज वाटते, वहिनी. लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय रे, वहिनी कधी येणार?" तेव्हापासून मी जिन्यानेच जातो.

बुधवारी आमच्या मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आधी माझा पासवर्ड बंद करायला लावला, मग पाणी मागवलं, स्वतःसाठी. चौकशी होईल. नोकरी राहावी असं म्हणायलाही मला तोंड नाही. काल आई-दादालाही सांगितलं. आई म्हणाली, "आणि ती पोर उलट एक अक्षर बोलली नाही रे." दादा चपला घालून तुमच्याकडे निघाला आणि दारातच बसला. मग म्हणाला, "कुठल्या तोंडाने जाऊ?" तो येईल. त्याला आत घ्यायचं का, ते तुम्ही ठरवा.

तिची नोंद काढून घ्यायचा हक्क तुम्हाला अजूनही आहे. वॉर्डात सांगितलंत तर माझा हात न लागता निघेल. ठेवा की काढा, यावर मी काही बोलणार नाही.

एक राहिलं. तुमची हजेरी मी मोजली, माझी कुणी मोजली नाही. त्या सहा दिवसांत मी एकदाच आलो. तुम्ही म्हणालात, "या ना आत, बघा तरी." मी अहवालाची मुदत पुढे केली आणि निघालो. मुदत वगैरे काही नव्हतं, मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं, तिसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं. आता तिच्याबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते सगळं त्या चोरून वाचलेल्या एका ओळीतलं आहे. तिचे केस कसे होते तेसुद्धा मला माहीत नाही.

तिला एकदाही न पाहिलेला,
तिचा काका