बदक डावीकडे वळताना

१९ नोव्हेंबर, मंगळवार
दुपार, गाडीतच

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तूही बरा असावास. तू घर सोडल्यावर चार वर्षांनी लिहितेय आणि एवढं एक वाक्य लिहून दहा मिनिटं खिडकीबाहेर बघत बसले, यावरून काय ते समज.

तुझा पत्ता गॅरेजवाल्या काकांकडून काढला. आधी देईनात, तू शपथ घातलीयस म्हणाले. मी त्यांच्या स्टुलावर ठाण मांडलं तेव्हा कुठे बधले. तू शाळेची बस चालवतोस म्हणे. चाळीस पोरं. ऐकून इतकं बरं वाटलं की काकांसमोरच डोळे पुसले आणि ग्रीसचा वास झोंबला म्हणून सांगितलं.

आता बातमी. बाबांना सात आठवड्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. घाबरू नकोस, सौम्य होता. काठी घेऊन चालतात. उजवा हात अजून ऐकत नाही आणि बोलणं तुटक झालंय. ज्या माणसानं तीस वर्षं लोकांना गाडी शिकवताना तोंड मिटलं नाही, तो आता मोजून चार शब्द बोलतो. क्लास मी चालवते. गाडी तीच, 'शिकाऊ'ची पाटी तीच, शेजारच्या सीटपुढचा दुसरा ब्रेक तोच. त्याच्यावर पाय तेवढा माझा. हा पाय हल्ली घरीसुद्धा स्वस्थ बसत नाही, जेवताना टेबलाखाली ब्रेक दाबत असतो.

पुढची विद्यार्थिनी दातांची डॉक्टरीण आहे. रिव्हर्स घेताना डोळे मिटते. येईलच इतक्यात.

व्यायाम करून घ्यायला बाई येतात, त्या म्हणाल्या, बोटांना काहीतरी खेळ द्या. बाबांनी काय मागावं? 'बदकाचा खेळ.' तुझा तो प्राण्यांच्या शर्यतीचा. तुझ्या खोलीला कुलूप आहे आणि ते काढायचं नाही असा हुकूम, म्हणून कुणाचा तरी वापरलेला कन्सोल आणून हॉलमधल्या टीव्हीला जोडला. बाबा पाणघोडा घेतात, तो चाकं लावलेल्या बाथटबात बसतो ना, तोच. पहिल्याच दिवशी विचारलं, इंडिकेटर कुठाय. मुंगूस डाव्या बाजूनं पुढे घुसलं तर मला त्याचा नंबर टिपून घ्यायला सांगितला. आणि तळ्याच्या ट्रॅकवर बदकाची पिल्लं रस्ता ओलांडतात, ज्यांच्यावरून सगळे उडी मारून जातात, तिथे बाबा थांबतात. प्रत्येक फेरीला. सातही पिल्लं पलीकडे जाईपर्यंत. मागे साळिंदर हॉर्न वाजवून वाजवून वेडं होतं. रोज शेवटचा नंबर, पण रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला बसतात. ऑनलाइन कुणी ना कुणी असतंच.

तुला एक विचारायचं होतं. तळ्यानंतरचा लाकडी पूल आहे, त्या वळणावर तू ब्रेक नेमका कधी मारायचास? पुलाच्या आधी की पुलावर आल्यावर? सहज विचारतेय.

आणखीही एक होतं, ते राहू दे. बाबांचं मानेतल्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन आहे, १२ डिसेंबरला, गुरुवारी. डॉक्टर म्हणतात, नेहमीचं आहे. कागदावर सही घेताना मात्र तेच डॉक्टर भलतंच काही वाचून दाखवतात. तू ये असं म्हणत नाहीये. नुसतं कळवलं.

डॉक्टरीणबाई आल्या. कपाळावर आत्ताच घाम.

घाईत,
तुझी ताई


२ डिसेंबर, सोमवार
सकाळ, स्वयंपाकघर

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं मी कुठे धरून चालले होते? तरी रोज पत्रपेटीत हात घालून बघत होते, काल तर दोनदा.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. पहिलं फाडलं, दुसऱ्यात नुसती हवापाण्याची चौकशी झाली. आता उभ्यानंच लिहिते, बसलं की मी फाटे फोडत बसते. सोबत खोकं आलंय ते उघडू नकोस, आधी हे वाच.

'ऑनलाइन कुणी ना कुणी असतंच' असं मी लिहिलं होतं. ते कुणी ना कुणी म्हणजे मी.

झालं असं. बाबांच्या खेळाच्या रिमोटचं एक बटण ढिलं झालं. तुझ्या खोलीत दुसरा असणार म्हणून, ते अंघोळीला गेले असताना मी कुलूप काढलं. रिमोट चालतो का बघायला तुझा कन्सोल सुरू केला, एवढंच. पण तो तुझ्याच नावानं सुरू झाला. आणि हॉलमधल्या नव्या कन्सोलवर बाबांनी मित्र म्हणून एकच नाव घालून घेतलं होतं माझ्याकडून. तुझं, 'बदकराव.' बाबा टॉवेल खांद्यावर टाकून हॉलमध्ये आले, तर टीव्हीवर पाटी: बदकराव आले आहेत.

त्यांनी खालून हाक मारली. झटक्यानंतर इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता. 'अगं, तो आलाय.'

मी वर तुझ्या खोलीत, हातात रिमोट. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण खाली शर्यत सुरू झाली आणि मी बदक चालवायला लागले. चष्मा लावलेलं तुझं बदक. त्या खेळात बोलता येत नाही हे माझ्या पथ्यावर पडलं. हॉर्न तेवढा वाजतो. पाणघोडा जांभई देतो, बदक पकपकतं. बाबांनी जांभई दिली, मी पकपकले. झाली बापलेकांची भेट.

मग रोज. सहाला पाच कमी असताना मी दूध बघते, कपडे काढते असं काहीतरी पुटपुटत वर जायची. दोन आठवड्यांत त्यांची तीन बोटं हलायला लागली. व्यायामाच्या बाई थक्क झाल्या. मी तुझ्यासारखं चालवायचा जिवापाड प्रयत्न करत होते, म्हणून पुलाचं विचारलं. तू काही कळवलं नाहीस, आणि माझं बदक माझ्यासारखंच धावत राहिलं.

गॅसवर काहीतरी उतू गेलं. पुसून आले.

परवा, शनिवारी, शेतघराचा ट्रॅक लागला. तिथे डावीकडे वळून फाटकातून आत जायचं असतं, दोन खांबांच्या मधून. पहिल्या फेरीला बदक डाव्या खांबाला घासलं. दुसऱ्या फेरीला घासलं. तिसऱ्या फेरीलाही तेच, तोच खांब. आणि बाथटब फाटकाच्या तोंडाशी थांबला तो थांबलाच. मला वाटलं, हात दुखला असेल. मग खालून काठी आपटल्याचा आवाज आला.

खाली गेले तर मांडीवर ती वही. चुकांची वही रे, शिकायला येणाऱ्या प्रत्येकाची एक ओळ असलेली. माणसाची चूक एकच असते आणि ती जन्मभर सुटत नाही, असं म्हणायचे ना. तुझं पान उघडलेलं होतं. वर जुन्या शाईत 'ब्रेक उशिरा'. खाली 'डावी बाजू बघत नाही'. खालची ओळ कधीची, ते तुला सांगायला नको.

बाबा म्हणाले, "डावा खांब. रोज डावा खांब." मग जीभ वळवून, "हा दोष त्याचा नाही. दार कुणी घासलं?"

मी म्हणाले, "मी."

लिहिलं बघ. हे एक अक्षर लिहायला चार वर्षं लागली.

तुझ्या लायसनच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी गाडी घेऊन किराणा आणायला गेले होते. परतताना आपल्याच फाटकाला डावं दार घासलं. क्लासमध्ये शिकवायला लागून मला महिनाही झाला नव्हता. गाडी भिंतीला चिकटवून लावली, म्हणजे दार दिसू नये. संध्याकाळी तू सरावाला नेलीस, म्हणून सकाळी बाबांनी तुलाच धरलं. फाटकाशी पाच-सहा विद्यार्थी उभे होते. त्यांच्यासमोर ते म्हणाले की माझ्या मुलाच्या हातात मी रस्ता देणार नाही, आणि तुझा फॉर्म फाडला. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस. मी दोरीवरचे चिमटे काढत होते. काढत राहिले.

तुला ठाऊक होतं, हो ना? किराण्याची पिशवी तूच तर डिकीतून काढली होतीस. मग बोलला का नाहीस? हे विचारायचा मला अधिकार नाही, तरी चार वर्षं मनात हेच विचारत आलेय. आणि आता बघ माझा पराक्रम, दुसऱ्यांदा मी माझं ड्रायव्हिंग तुझ्या नावावर खपवलं.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पेन मागितलं. उजव्याच हातात धरलं आणि ती खालची ओळ खोडली. रेघ वाकडीतिकडी आली, वहीबाहेर पायजम्यावर गेली. मी विचारलं, बदक मी चालवतेय हे कधी कळलं. म्हणाले, पहिल्याच आठवड्यात. मग खेळलात कशाला, म्हटलं. बराच वेळ शब्द जुळवत होते.

"सहाला पाटी यायची. तो आलाय म्हणून."

त्यानंतर दोन दिवस रिमोटला हात लावलेला नाही. आज सकाळी चहाच्या वेळी एवढंच म्हणाले, ऑपरेशनच्या आधी एकदा त्याच्याशी खेळायचं आहे, खरं. माझ्याकडे बघत नाहीत अजून. साखर दे, औषध दे, एवढ्यापुरतंच.

खोक्यात तुझा कन्सोल आहे. तुझ्या नावासकट. बुधवारी, ११ तारखेला, संध्याकाळी सहा वाजता मी वर नसेन. बाबांच्या शेजारी सोफ्यावर बसलेली असेन, दोन्ही हात त्यांना दिसतील असे मांडीवर ठेवून. पाटी आली तर ती तुझीच असेल. नाही आली तर नाही, मग मी काही करणार नाही, कुणाच्याही नावानं काही करणार नाही.

माफ कर असं लिहीत नाही. ते समोर येऊन म्हणायचं असतं.

चिमटे काढत राहिलेली,
तुझी ताई


११ डिसेंबर, बुधवार
संध्याकाळचे साडेसात

धाकट्या,

तुला माहीत आहे काय झालं ते, तू होतासच. पण इकडच्या बाजूनं काय दिसलं ते तुला कोण सांगणार? म्हणून लिहितेय.

बाबा साडेपाचलाच बसले. दाढी करून. उद्याची बॅग दाराशी भरून ठेवलेली. सहा वाजले, पाटी नाही. सहा दहा. पाणघोडा सुरुवातीच्या रेषेवर बसून आपोआप जांभया देत होता आणि प्रत्येक जांभईला माझा पाय ब्रेक दाबत होता. सव्वासहाला मी म्हटलं, बसला उशीर झाला असेल, मुलं सोडायची असतात. बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं. कसली बस, असं. त्यांना माहीतच नव्हतं रे. मी सांगितलं, तो शाळेची बस चालवतो, चाळीस पोरं असतात. ते टीव्हीकडे तोंड करून बसले आणि त्यांची हनुवटी हलत राहिली.

सहा वीसला तू आलास.

पहिली फेरी बाबांनी नुसती बघितली, परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबासारखं. बदक सुसाट पुलावर गेलं आणि अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक. बाबा म्हणाले, "उशिरा." आणि हसले. तोंड एका बाजूनंच हसतं त्यांचं आता, पण हसले.

दुसऱ्या फेरीला ते तळ्याशी पोचले आणि पिल्लांसाठी थांबले, नेहमीसारखे. तू मागून येत होतास. तू कधी थांबायचास तिथे? उडी मारून जाण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. वाटलं, आता तू बाबांच्या डोक्यावरून जाणार. तू थांबलास. बाथटबच्या मागे, नीट अंतर ठेवून. सात पिल्लं गेली. साळिंदर गेलं, मुंगूस गेलं, सगळे पुढे गेले, तरी तुम्ही दोघं हलेनात. बाबांनी जांभई दिली. तू पकपकलास. पुन्हा जांभई, पुन्हा पकपक. मला तिथे बसवेना, उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

तू सातवा आलास, बाबा आठवे. बाबांनी वही मागितली. हात दुखत होता म्हणून लिहायला मला सांगितलं. तुझ्या पानावर: 'ब्रेक उशिरा. बाकी रस्ता देण्यास हरकत नाही.' सही त्यांनी स्वतः केली, ओळखू येते.

मग म्हणाले, आता नवं पान काढ, स्वतःचं. काढलं. माझ्याच हातानं माझ्याच पानावर काय लिहायला लावलं ते तू ओळखलंच असशील. ऑपरेशनहून आलो की रोज सकाळी फाटकाची शंभर वळणं करून घेईन, म्हणाले. आलो की, असं म्हणाले. मी ते धरून बसलेय.

उद्या आठ वाजता त्यांना आत नेतील. हे पत्र तुला मिळेल तोवर काय ते झालेलं असेल. तुझ्या खोलीचं कुलूप काढून मी कचऱ्यात टाकलंय. गाडीची किल्ली नेहमीच्या खिळ्यावर आहे, दोघांपैकी कुणीही घ्यावी. येताना फाटकातून सावकाश ये, डावा खांब अजून थोडा कललेला आहे. तो मी कलवलाय,

तुझी ताई